चांदणी भेत नाही

नागपूरच्या इतवारीत भांड्यांची दुकानं संपतात त्या बोळात रुपरावांचा तबेला आहे. तबेला आपला म्हणायचा म्हणून. वर पत्रे, खाली उखडलेली फरशी, आणि हातगाड्या-टेम्पोंचा कलकलाट सकाळपासून कानाशी. याच कलकलाटात वाढलेली त्यांची पांढरी घोडी चांदणी लग्नसराईत सगळ्या नागपुरात मागितली जायची. तिची कीर्ती एकाच गोष्टीवर उभी होती. ती फटाक्यांना भीत नसे.

घोडी ठरवायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असायचा, "घोडी फटाक्याले भेते का?"

रुपराव मिशीवरून हात फिरवून सांगायचे, "माही चांदणी कशालेच भेत नाही."

हे धैर्य घोडीत आलं कुठून, ते मात्र कुणी विचारत नसे. ते शिकवलेलं असतं. शिंगरू जरा मोठं झालं की त्याला खांबाला आखूड बांधायचं आणि पुढ्यात फटाक्यांची लड लावायची. पळायला बघितलं की छडी, उभं राहिलं की गूळ. असं रोज चाललं की जनावराच्या डोक्यात एवढंच उरतं, की धमाका झाला की चारी पाय रोवून थांबायचं आणि मग गूळ मिळतो. नवरदेव पडत नाही, व्याही खूश, फोटोही झकास येतात. रुपरावांच्या वडिलांनी हेच केलं, रुपरावांनी हेच केलं, आणि यात काही वावगं आहे असं त्या बोळात कुणाला वाटलं नव्हतं. वरातीत नाचणाऱ्या शिकल्यासवरल्या पाहुण्यांनाही नाही.

वाटत होतं ते एकट्या मयुराला. आई गेल्यापासून घोडीचं खाणंपिणं, धुणं, सजवणं रुपरावांच्या या मुलीकडे होतं. वरातीत ती चांदणीच्या मानेवर हात ठेवून चालायची. लोक म्हणायचे, घोडी कशी पुतळ्यासारखी उभी आहे. मयुराच्या तळव्याखाली त्या पुतळ्याचं कातडं थरथरत असे.

त्या सकाळी घोडीला खरारा करताना ती पुन्हा म्हणाली, "बाबा, भेते हे. शेजारी पत्रा वाजला तरी कातडं पाहा कसं उडून राहिलं."

"उभी राहते ना? मंग झालं."

"उभी राहते म्हणजे भेत नाही, असं थोडीच आहे?"

"तुले आज झालं काय वं? सकाळपासून नुसती आत-बाहेर करून राहिली."

तिला काय झालं होतं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आज चांदणी सिनेमात जाणार होती. शूटिंगवाल्यांना लागेल ते पुरवणारा, शेजारच्या गल्लीतला सौरव काल येऊन ठरवून गेला होता. नायक स्वतःच्याच वरातीतून घोडीवर बसून पळतो, मागे जीप लागते, दोन्ही बाजूंनी हातगाड्या धडाधड उडतात. या प्रसंगावाचून सिनेमाचं काय अडलं होतं देव जाणे, पण अडलं होतं खरं. सौरवने विचारलं होतं, "काका, बम फुटतीन. चालते ना?" आणि रुपरावांनी अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "बम आण नाही तर तोफ आण."

खऱ्या इतवारीत मुंगीला जागा नाही, म्हणून शूटिंगवाल्यांनी रामटेकच्या वाटेवर एका माळावर खोटी इतवारी उभी केली होती. पुठ्ठ्याची दुकानं, थर्मोकोलच्या गाठोड्यांनी भरलेल्या हातगाड्या. टेम्पोतून उतरताच चांदणी सारखी कान हलवू लागली. सगळा माळच अस्वस्थ होता. कुणी ओरडत होतं, कुणी धावत होतं, आणि जो तो मान वर करून सूर्य कुठवर आला ते बघत होता.

तिथे जनावरांची डॉक्टर होती. नियमाने असावी लागते. वैदेही तिचं नाव, नागपूरचीच, कामावर नवी. तिने घोडीचे पाय चाचपले, डोळे पाहिले आणि रुपरावांना विचारलं, "काका, बॉम्ब फुटत असताना ही कधी पळाली आहे का?"

"डॉक्टरबाई, लगीनसराईत रोज फटाके खाते हे."

"ते उभ्याने किंवा चालताना. मी पळण्याचं विचारतेय."

रुपरावांना हा प्रश्न झोंबला. घोड्यांमध्ये जन्म गेला आणि ही कालची पोर मला विचारते! "भेतच नाही तं थांबन काहून?" ते म्हणाले.

धमाक्यांवाचून तालीम झाली. स्टंटवाला नायकाचे कपडे घालून स्वार झाला होता आणि चांदणी वाऱ्यासारखी धावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैदेही मात्र अडून बसली. आधी जीप न आणता एकच लहान बॉम्ब फोडून बघू, घोडी काय करते ते कळेल. दिग्दर्शकाच्या माणसाने आकाशाकडे बोट दाखवलं. उजेड चालला होता.

सौरव घाईघाईने रुपरावांकडे आला. "काका, तुमीच सांगा. करा लागते का तालीम?"

मयुराने बापाचा हात धरला. "बाबा, करू द्या ना. काय बिघडते?"

एवढी माणसं आपल्या तोंडाकडे बघताहेत असं रुपरावांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. आता तालीम मागितली तर आजवर सांगितलेलं सगळं खोटं ठरलं असतं. ते म्हणाले, "काही गरज नाही."

मालकच असं म्हणतो म्हटल्यावर वैदेही गप्प बसली. गप्प बसायला नको होतं. तिला मनाई करण्याचा अधिकार होता, आणि तो वापरायचा तो क्षण हाच होता.

कॅमेरा सुरू झाला. चांदणी सुटली. मागे जीप जोरात निघाली, कारण घोडी पळत राहणार असं ड्रायव्हरला सांगितलेलं होतं. पहिली हातगाडी उडाली आणि चांदणीने जन्मभर शिकवलेलं काम चोख केलं. चारी पाय रोवून ती जागच्या जागी थांबली.

ड्रायव्हरने ब्रेक मारला, पण मातीवरून जीप घसरत आली. स्टंटवाला बाजूच्या गाद्यांवर फेकला गेला, त्याला खरचटलं तेवढंच. जीप चांदणीच्या मागच्या पायांवर आदळली. ती खाली बसली, उठायला गेली, पुन्हा बसली. रुपराव धावत पोचले तेव्हा तिने तोंड त्यांच्या खिशाकडे नेलं. धमाका झाला होता, ती थांबली होती, आणि गूळ त्याच खिशात असायचा.

दोन्ही पायांची हाडं बाहेर आली होती. वैदेहीने गुडघ्यावर बसून तपासलं आणि सांगितलं, "काका, हिला वाचवता येणार नाही. नुसत्या वेदना लांबतील." रुपरावांनी मान हलवली. मयुराने घोडीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मानेवर हात ठेवला. इंजेक्शननंतर हळूहळू ते कातडं थरथरायचं थांबलं.

पुठ्ठ्याची इतवारी उद्यासाठी आवरायला माणसं लागलीसुद्धा. सौरव वैदेहीजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, घोडी आधीपासूनच लंगडत होती म्हणा. विषय संपन."

"नाही म्हणणार," वैदेही म्हणाली. "खरं तेच सांगेन. मी विचारलं होतं हेही, आणि शेवटी गप्प बसले हेही. आणि यापुढे मी असेन त्या सेटवर बॉम्बच्या धमाक्यात जनावर पळणार नाही. नोकरी गेली तरी चालेल."

सौरव मग रुपरावांकडे वळला. त्यालाही वाईट वाटत होतं, पण वरून फोनवर फोन येत होते. "काका, कसं सांगू... उद्या उरलेला सीन हाय. तुमची ते लहान घोडी, रेशमा..."

"तिले शिकवलं नाही अजून," रुपराव म्हणाले. मग त्यांची नजर चांदणीकडे गेली. "आन् शिकवणारही नाही. जाय गा सौरव, तू आता जाय."

घरी आल्यावर त्यांना चैन पडेना. भाकरी पुढे आली तशीच राहिली. तबेल्यात गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. रेशमासाठी आणून फळीवर ठेवलेल्या फटाक्यांच्या लडी त्यांनी काढल्या आणि पाण्याच्या टाक्यात बुडवल्या. मयुरा दारातून पाहत होती.

"भेत होती ना वं चांदणी?" त्यांनी विचारलं.

"दर वेळेस, बाबा."

रुपराव तिथेच फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

पुढच्या आठवड्यात एक गृहस्थ मुलाच्या लग्नासाठी घोडी ठरवायला आले. रेशमाला त्यांनी पुढून-मागून पाहिलं. पसंत पडली. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "फटाक्याले भेत तं नाही ना?"

रुपरावांचा हात मिशीकडे जाता जाता राहिला. "भेते," ते म्हणाले. "सगळ्याच भेतात. फटाके लावणार नसान तं घोडी घेऊन जा."

गृहस्थ हसले. थट्टाच वाटली त्यांना. थट्टा नाही हे कळल्यावर ते बोळातल्या दुसऱ्या तबेल्याकडे निघून गेले. तिथे त्यांना न भिणारी घोडी लगेच मिळाली.

वाचकहो, तुमच्या घरच्या वरातीतही अशीच एखादी घोडी उभी असेल, आणि पडद्यावर धुरातून धावणाऱ्या घोड्याला तुम्हीही टाळ्या दिल्या असतील. पुढच्या वेळी फटाक्यांपुढे घोडी स्तब्ध उभी दिसली, तर कौतुक करण्याआधी जवळ जा आणि तिच्या मानेवर एकदा हात ठेवून बघा.