तिसऱ्या ट्रॅकवरची ताई

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावायची, त्यामुळे धूसर काही दिसलं की तिच्या कपाळाला आठी पडलीच. धाकट्या भावाला ती बोक्या म्हणायची. त्याच्या गाडीच्या गेमचा व्हिडिओ पाहून ती म्हणाली, "अरे, ही गाडी आहे की फडक्यात गुंडाळलेला साबण?"

"मग तूच कर की नीट!"

तिनं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि पदर खोचल्यासारखी कामाला लागली. चित्राचा आकार पडद्याइतकाच ठेवला, सेकंदाला साठ फ्रेम केल्या, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवायचा तपशील, वाढवला, तेव्हा कुठं वळणावरची धूळ मोकळी दिसायला लागली. रेकॉर्डिंगचा भार प्रोसेसरवरून काढून ग्राफिक्स कार्डावर टाकला, तशी गाडीही अडखळायची थांबली. शेवटी तिनं आवाज वेगळे केले. पहिल्या ट्रॅकवर गेम, दुसऱ्यावर बोक्याचा माइक, तिसऱ्यावर तिचा.

"ही वाटणी कशाला?"

"आईचा मिक्सर माझ्या माइकमध्ये घुसतो. ट्रॅक वेगळा असला की तेवढाच कापता येतो, बाकीच्याला धक्का लागत नाही."

"माझ्या मिक्सरच्या नावानं खडे फोडू नका," आई आतून ओरडली.

खेळ दोघांचा होता. बोक्या चालवायचा आणि ताई शेजारी नकाशा उघडून पुढचं वळण सांगायची. "डावं, तीव्र. मग चढ. चढापलीकडं लगेच उजवं." घाटरस्ता असा आंधळा की ती श्वास घ्यायला थांबली तरी गाडी दरीत. असे गेम खेळणाऱ्यांच्या एका क्लबनं निवडीसाठी खेळाडूंकडून व्हिडिओ मागवले होते, एकट्यानं पाठवा नाहीतर जोडीनं. जोडीनंच, असं दोघांचं ठरलं. गिऱ्हाइकांना 'आता दिसतंय का?' विचारता विचारता तिचा जन्म चालला होता. वाट सांगणारी म्हणून घराबाहेरच्या कुणीतरी आपल्याला ओळखावं, एवढीच तिची हौस.

निकालाच्या दुपारी तिनं दुकानातच क्लबचं पान उघडलं. व्हिडिओ आरशासारखा स्वच्छ होता. इंजिन गुरगुरत होतं, बोक्या "चल बेटा, चल!" म्हणत होता. तिचा आवाज मात्र नव्हता. आपलाच माइक बंद राहिला, आपणच घोळ घातला, असं तिला वाटलं. मग तिनं खालचं वाचलं: कुणी वाट न सांगता हा घाट उतरणारा पहिलाच चालक. निवड झाली.

घरी आल्यावर चपलाही न काढता तिनं मूळ रेकॉर्डिंग लावलं. तिसरा ट्रॅक जागच्या जागी होता, खणखणीत. पहिल्या वळणापासून शेवटच्यापर्यंत तीच बोलत होती. मिक्सरसाठी तिनंच करून ठेवलेल्या सोयीनं बोक्यानं तिचा केसानं गळा कापला होता.

बोक्या दारात आला.

"जोडीला भाव नाही गं तिथं, ताई. एकट्याचं नाव लगेच होतं."

"मला विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

मग बोक्या घसा खाकरून म्हणाला, "त्यांनी आजच नव्या घाटाचं रेकॉर्डिंग मागितलंय. मूळ फाइल हवी, काटछाट न केलेली. तू फक्त हळू आवाजात सांग. माइक तेवढा बंद ठेव."

ताईनं चपला काढल्या, खुर्ची ओढली. साठ फ्रेम, बिटरेट, सगळं नीट पाहून घेतलं. मग तिन्ही आवाज एकाच ट्रॅकवर टाकले.

"आणि हे कशाला?" बोक्या चरकला. "असं केलं तर एखादा आवाज वेगळा काढता येत नाही ना?"

"माझा काढावा लागणार नाही. खेळ तू."

फाइल पाठवायची वेळ भरत आली होती. त्यानं गाडी सोडली. पहिला चढ आला. ताईनं नकाशा उघडला आणि ओठ मिटून घेतले.

"ताई? पुढं काय?"

इंजिन ओरडत होतं. चढाचं टोक जवळ आलं.

"ताई, बोल ना! डावं की उजवं? ताई!"

तो डावीकडं वळला. रस्ता उजवीकडं होता.

गाडी दरीतून गडगडत गेली आणि एकदाची थांबली. ताईनं रेकॉर्डिंग बंद करून फाइल लावून पाहिली. चित्र नितळ आलं होतं, आवाजही. इंजिनाच्या गुरगुरण्यात तिचं नाव तीनदा स्पष्ट ऐकू येत होतं.

"घे," ती उठत म्हणाली, "पाठव."