कुणाला किती दार उघडायचं

अशी कल्पना करून बघा, बाळांनो. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. शुक्रवारची सुट्टी आहे. आई आपला मोबाईल तुमच्या हातात देते आणि म्हणते, "तुझी बोटं माझ्यापेक्षा हुशार आहेत गं, एवढं भरून दे." छाती फुगेल की नाही? आमच्या वरच्या मजल्यावरच्या नुसैबाची अगदी तशीच फुगली.

तिची आई इन्आम आमच्या इर्बिद शहरातल्या एका लॅबमध्ये कृत्रिम दात घडवायची. नऊ वर्षं तिथंच होती. आता तिला मोठ्या इस्पितळात जागा हवी होती, म्हणून नोकरदारांच्या एका साइटवर ती स्वतःची माहिती टाकत होती. पण गुपचूप. लॅबचा मालक अबू मुराद मनानं वाईट नव्हता, पण त्याचा राग वाईट. गेल्या वर्षी सामर नावाचा कारागीर दुसरी लॅब नुसती बघून आला, तर संध्याकाळपर्यंत त्याला घरी पाठवलं होतं. नवी नोकरी मिळण्याआधी जुनी गेली, तर मायलेकींनी जगायचं कशावर?

"लॅबचं नाव घालू नकोस हं," इन्आमनं बजावलं होतं.

म्हणून नुसैबानं लिहिलं, 'एक खासगी लॅब'. कधीपासून, या रकान्यात आजची तारीख आधीच भरलेली होती. ती तिनं तशीच राहू दिली. कोण बघू शकेल? 'सगळे'. जितके जास्त बघतील तितक्या जास्त नोकऱ्या, असा साधा हिशेब! ओळखीच्यांना कळवू का? 'हो'.

झालं. साइटनं इन्आमच्या सगळ्या ओळखीच्यांना सांगून टाकलं, की हिनं आजपासून नवी नोकरी धरली आहे.

आता आमच्याकडची माणसं कशी, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आनंदाची बातमी कानावर आली, की आधी मुबारक म्हणायचं, मग बातमी वाचायची. शनिवारी सकाळी इन्आम कामावर गेली, तोवर साठ जणांनी 'हजारदा मुबारक' लिहिलं होतं. निम्मे विचारत होते, "गोड कधी?" नशीब, अबू मुराद ती साइट आठवड्यातून एकदाच उघडायचा. दुपारी अम्मानहून इन्आमची बहीण सुहा हिचा घरी फोन आला.

"नुसैबा, तुझी आई भारी लबाड! सख्ख्या बहिणीला पत्ता लागू दिला नाही. पण मी काय गप्प बसते? अख्खं ताट भरून कुनाफा मिठाई पाठवलीय, वर कार्ड. 'नव्या नोकरीबद्दल मुबारक'!"

"कुठं पाठवलीस, खाला?"

"नव्या लॅबचा पत्ता कुठाय माझ्याकडे? जुन्या लॅबवर पाठवलीय. तिथले लोक देतील की पोचती करून!"

नुसैबा अनवाणीच जिना उतरून माझ्या दारात आली. मी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाले तरी सगळे मला मिस विदादच म्हणतात.

"मिस, माझ्यामुळे आईची नोकरी गेली!"

"गेली, की जाईल?"

"जाईल."

"मग अजून वेळ आहे. आईला फोन लाव."

लावला. कुणी उचलेना. काम करताना हात प्लास्टरनं माखलेले, फोन पिशवीत.

"त्या लॅबमध्ये असं कोण आहे, ज्याला खरं सांगितलं तरी ते तिथंच राहील?" मी विचारलं.

नुसैबा विचारात पडली. मी घाई केली नाही.

"उम्म आयेद. दाराशी बसतात त्या. मला विज्ञानात कमी गुण पडलेले त्यांना माहीत होतं, तरी आईला बोलल्या नाहीत."

लॅबच्या फोनवर उम्म आयेदच होत्या. नुसैबानं एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "दुकानाचा माणूस ताट घेऊन समोरच उभाय. ठेव फोन, पोरी."

मग वाट बघणं आलं. रिकाम्या हातांनी वाट बघणं फार जड जातं, म्हणून मी तिला वरून मोबाईल-टॅबलेट जे काही असेल ते आणायला लावलं. आईचं खातं त्यावर उघडत होतं.

"तुमच्याकडे पाहुणे कुठं बसतात?"

"पुढच्या खोलीत."

"नळ दुरुस्त करणारा?"

"स्वयंपाकघरापर्यंत."

"आणि सुहाखाला?"

"ती थेट कपाट उघडते!" नुसैबा रडता रडता हसली.

"मग इथंही प्रत्येक ओळीला विचार, ही कुणी बघितली तर चालेल?"

एकेक बटण तिनंच शोधलं. मुबारकांसकट ती बातमी पुसली, तारीख सुधारली. बदल झाला की सगळ्यांना कळवणं बंद केलं. जन्मतारीख आणि फोन नंबर झाकले. नोकरी हवी आहे ही खूण फक्त नोकरभरती करणाऱ्यांना दिसेल, अशी ठेवली. पण त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की आमच्याकडून पूर्ण खात्री देता येत नाही. ते मी तिला मोठ्यानं वाचायला लावलं.

"म्हणजे कुलूप लावलं तरी भिंत पातळच, मिस?"

"हो. म्हणून मोठं गुपित तिथं ठेवूच नये."

संध्याकाळी इन्आम थेट माझ्याकडेच आली. डोळे ओले, पण चेहरा हसरा. तिनं सांगितलं ते असं. उम्म आयेदनी कार्ड काढून आपल्या बाहीत सरकवलं आणि ताट मध्यभागी ठेवलं. अबू मुराद बाहेर येऊन म्हणाला, "हे कशाबद्दल?" त्या म्हणाल्या, "अल्लानं गोड पाठवलं की पावती मागतोस का रे? थंड होईल, खा!" त्यानं दोन मोठे तुकडे खाल्ले, बोटं चाटली आणि कामाला लागला. कार्ड त्यांनी निघताना इन्आमच्या हातात दिलं. एक शब्दही विचारला नाही.

"अशी माणसं आहेत म्हणून आपण आहोत," इन्आम म्हणाली. लेकीला ती रागावली नाही. जवळ घेतलं. मंगळवारी इस्पितळात मुलाखत होती, आणि तोवर हातची नोकरी शाबूत होती.

नुसैबानं लगेच मोबाईल ओढला. उम्म आयेदचंही नाव त्या साइटवर होतं. ती त्यांच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं, भराभर लिहू लागली, 'आज तुम्ही माझ्या आईला वाचवलंत, तुमचे उपकार...' बोट पाठवायच्या बटणावर गेलं आणि तिथंच थांबलं.

"मिस, हे अबू मुरादनं वाचलं तर? आईचं जाऊ दे, उम्म आयेदचीच नोकरी जाईल."

मला सांगायचं काही उरलंच नव्हतं.

तिनं एकेक अक्षर पुसलं. मग चपला घातल्या, आईचा हात धरला आणि दोन गल्ल्या ओलांडून उम्म आयेदच्या घरी गेली. दार उघडताच तिनं त्या म्हातारीचा हात ओठांना लावला, कपाळाला टेकवला आणि टाचा उंचावून जे सांगायचं होतं ते तिच्या कानात सांगितलं.