आधी आपण घ्या

तोकुरा गिनसुई या जपानी चित्रकाराने जन्मभर लोकांना हसवलं, आणि पार्ल्यात येऊन बिचाऱ्याच्या नशिबी सुतकी चेहरे आले. शर्मिष्ठाला ते पाहवत नव्हतं. प्रदर्शनाचा आज शेवटचा दिवस, त्यातलेही शेवटचे दोन तास उरलेले, आणि नऊ दिवसांत एक माणूस हसेल तर शपथ!

तीस वर्षं जपानी भाषा शिकवून निवृत्त झालेल्या या बाईने तीन वर्षं पत्रव्यवहार करून ही एक्केचाळीस चित्रं पार्ल्यातल्या एका संस्थेच्या छोट्याशा संग्रहालयात आणवली होती. गिनसुई काही एका पठडीतला माणूस नव्हता. तो देव काढी, भुतं काढी, दुकानांच्या पाट्या रंगवी, आणि जाईल तिथे एखादी खोडी काढून ठेवी. त्याचा यमराज दाढ दुखते म्हणून गाल धरून बसला होता. त्याचा बेडूकवैद्य नाडी सापडेना म्हणून सापाला शेपटीपर्यंत चाचपत होता. आणि पार्लेकर? ते चपला बाहेर काढून, हात मागे बांधून, 'केवढी साधना!' असं कुजबुजत पुढे सरकत होते.

लोकांचा तरी काय दोष? उद्घाटनालाच संस्थेचे अध्यक्ष श्यामकांतराव 'कलातपस्वी' या विषयावर पाऊण तास बोलले होते. शिवाय दाराशी 'शांतता राखा' होतंच. पण शर्मिष्ठाचा खरा जीव जळत होता तो सतराव्या चित्रापाशी.

दोन गलेलठ्ठ गृहस्थ समोरासमोर बसलेत. मध्ये ताटात टम्म फुगलेला मासा. दोघे कमरेत वाकून ताट एकमेकांकडे सरकवतायत, आणि दोघांनाही दरदरून घाम फुटलाय. शर्मिष्ठाने चित्राखालच्या पाटीसाठी लिहून दिलं होतं, 'ताटात केंड आहे. चवीला उत्तम, पण कापताना चुकलं तर विषाने माणूस जातो. दोघेही म्हणतात, आधी आपण घ्या.' श्यामकांतरावांच्या घराचा उंबरा आजवर माशाने ओलांडलेला नाही. पाटीचं प्रूफ तपासताना 'केंड' ही त्यांना छपाईची चूक वाटली. त्यांना माहीत असलेला एकुलता एक मासा त्यांनी तिथे घातला आणि विषाचं वाक्य अभद्र म्हणून उडवलं. छापून आलं ते असं: 'जपानी आदरातिथ्य. दोन स्नेही परस्परांना पापलेटचा आग्रह करताना.'

"भावना पोचल्याशी कारण, शर्मिष्ठाताई," ते म्हणाले होते. "आता पाटी बदलायची म्हणजे समितीची मंजुरी आली."

आताही गार्गी नावाची एक कॉलेजातली मुलगी त्या चित्रापुढे उभी होती. "किती गोड ना! आपल्यासारखाच आग्रह!"

शर्मिष्ठाने पुढे होऊन तिला केंड समजावला, विष समजावलं, घाम समजावला.

"ओह. ओके," गार्गी म्हणाली आणि अठराव्या चित्राकडे गेली. शर्मिष्ठाने कपाळावर हात मारून घेतला.

एवढ्यात रिकामी टोपली दाराशी ठेवून पुतळाबाई आत आली. ही जुहूची कोळीण. वीस वर्षं शर्मिष्ठाच्या घरी मासळी घालायची. 'माशाचं चित्र आहे, बघायला ये,' असं शर्मिष्ठाने तिला सांगून ठेवलं होतं. सतराव्या चित्रापाशी ती थबकली, आणि तिचे डोळे विस्फारले.

"आगो बाय, यो त केंड!" पुतळाबाई एवढ्या मोठ्याने हसली की सगळं दालन वळून बघायला लागलं. "बग कसं घाबरलान! दोगं बी सांगतान, पयलं तू खा, पयलं तू खा!"

श्यामकांतराव धावतच आले. "अहो बाई, शांतता! हे संग्रहालय आहे. हसायचं असेल तर बाहेर जा."

पुतळाबाईने पदर तोंडाला लावला. "चुकलं सायबा. देवाचा फोटू हाय काय?"

शर्मिष्ठाच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ दिवसांत एकच हसू आलं, आणि ह्या गृहस्थाने त्याला माफी मागायला लावली! तिने पुढे होऊन पापलेटची पाटी टरकन ओढून काढली.

"अहो, काय करताय? पाटीशिवाय लोकांना कळणार कसं?"

"तिला कसं कळलं? तिला वाचता येत नाही, श्यामकांतराव!"

बोलून गेली आणि आपलेच शब्द तिच्या कानात घुमले. मग ती शेजारच्या बेडूकवैद्याकडे वळली. ही पाटी अध्यक्षांच्या हातून सुटलेली, अक्षर न् अक्षर तिचं. तीन दिवस खपून लिहिलेल्या अकरा ओळी. सापाची नाडी का सापडत नाही, वैद्य कोणत्या घराण्याचा, विनोद नेमका कुठे आहे, सगळं क्रमवार. बाकीच्या चित्रांखालच्या पाट्याही अशाच. तिने त्या पहिल्यांदाच वाचणाऱ्यासारख्या शेवटपर्यंत वाचल्या, आणि तिला भयंकर लाज वाटली.

तिने तीही पाटी उपटली. श्यामकांतरावांनी निदान एकाच चित्राचा बळी घेतला होता.