आधी जुन्यात बघू

"हात वर कर. अजून. आता वाक आणि पायाच्या अंगठ्याला हात लाव," ठिगळमावशी म्हणाली.

मुलगी वाकली, तशी पाठीवरच्या चेनपाशी जुन्या सुटाची शिवण कुरकुरली.

"श्वास घेता येतोय का?"

"येतोय," मुलगी म्हणाली. आवाज उशीखालून आल्यासारखा आला.

"खोटं बोलतेय," बाजूला उभी असलेली तिची आई म्हणाली. "जुनाच घ्यायचा म्हणून गुदमरायचीसुद्धा तयारी आहे हिची. प्लास्टिक नको म्हणून घरात टूथब्रशपासून सगळं बदलायला लावलंय. आता म्हणते, सर्फिंग शिकणार, पण नव्या रबराचा सूट अंगाला लावणार नाही."

"मग बरोबर दुकानात आलात," मावशी म्हणाली आणि पोरीच्या पाठीवरची चेन उघडून तिला मोकळं केलं.

दुकान दिराचं होतं. पुढे सर्फिंगचे बोर्ड, दोऱ्या, बोर्डांना चोळायच्या मेणाच्या वड्या आणि नव्या सुटांची चकचकीत रांग; मागे खिडकीपाशी मावशीचं टेबल. थंड पाण्यात अंगात ऊब धरून ठेवणारे ते रबराचे सूट फाटले, उसवले, खडकावर घासले, की तिच्याकडे यायचे. ती त्यांना ठिगळं लावायची. पंक्चरवाल्याकडे असतं तसं सोल्यूशन, जाड सुई, आणि जुन्या सुटांच्या तुकड्यांनी भरलेली एक पेटी, एवढाच तिचा संसार. तिचं खरं नाव बिलाच्या कागदावरसुद्धा कोणी लिहीत नसे.

"ताई, एवढा त्रास कशाला?" दीर पुढून एक नवा सूट घेऊन आला. त्याच्या टॅगवर हिरवं पान छापलं होतं. "हा बघा. पर्यावरणपूरक माल आहे."

"कशाचं रबर आहे?" मुलीने विचारलं.

"हिरवं रबर, बाळा."

"रंग नाही विचारला. कशापासून करतात ते विचारलं."

दिराने वहिनीकडे पाहिलं. त्याला माहीत होतं, आता काही खरं नाही.

"काही ठिकाणी झाडाच्या चिकापासून करतात, ते त्यातल्या त्यात बरं," मावशी म्हणाली. "हे तेलापासूनचं आहे. टॅगवर पान छापलं म्हणून काही ते झाडाला लागत नाही."

"वहिनी, तुम्ही नक्की दुकानात आहात की विरोधी पक्षात?"

"मी मागच्या टेबलावर आहे, भाऊजी. पुढचं तुम्ही बघा."

दीर हसला. हा खेळ त्यांच्यात वर्षानुवर्षं चालायचा. गिऱ्हाईक आलं की तो नवा सूट काढायचा आणि ती मागून म्हणायची, "आधी जुन्यात बघू." मापाचा जुना सूट दुकानात असेल तर नवा विकायचा नाही, हा तिचा नियम. दिराचं त्यात नुकसानच होतं, पण या नियमाला त्याने कधी हात लावला नाही. कारण नियम मुळात मावशीचा नव्हताच. तो खारूचा होता.

खारू म्हणजे मावशीची लेक. दिवसभर समुद्रात, केव्हाही पापा घ्या, गाल खारट. म्हणून खारू. सात वर्षांची असताना तिने टेबलावर पाय हलवत विचारलं होतं, "आई, सूट जुने झाले की कुठे जातात?" जमिनीत पुरले तरी कुजत नाहीत, जाळले तर काळा धूर होतो, हे मावशीला ठाऊक होतं. पण पोरीला कसं सांगायचं? त्या दिवशी तिने एक पेटी आणली आणि म्हणाली, "कुठे जात नाहीत. इथे येतात."

"मग आपण आधी जुन्यातच बघायचं," खारूने निकाल देऊन टाकला होता.

आता दांडीवर मुलीच्या मापाच्या जवळ जाणारे दोनच सूट होते. एक गुदमरवणारा. दुसरा काळा, थोडा मोठा, गुडघ्यांवर पार चाळण झालेला. पोरीने तो घातला, आरशात स्वतःला पाहिलं. आणि आरशातच तिला टेबलामागच्या खुंटीवरचा सूट दिसला. काळा, पायाला आकाशी पट्टे असलेला, एकटाच हँगरवर टांगलेला.

"तो कोणाचा? तो माझ्या मापाचा वाटतो."

दीर चटकन म्हणाला, "तो विकायचा नाही, बाळा."

"पण तुम्हीच म्हणता ना, आधी जुन्यात बघायचं?"

तिच्या आईने तिचा दंड हलकेच दाबला.

मावशी खुंटीकडे न बघता म्हणाली, "संध्याकाळी पाचला या. बघून ठेवते."

मायलेकी गेल्या. दीर काउंटरवरची मेणाची वडी इकडून तिकडे सरकवत उभा राहिला.

"वहिनी, मी तिला नवा देतो. नाहीतर अर्ध्या किमतीत देतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मापाचा आहे, भाऊजी. बारा वर्षांच्या पोरीचा."

"म्हणून काय झालं?"

"पोरीने काय चुकीचं विचारलं?"

सहा वर्षं तो सूट त्या खुंटीवर होता. त्या दुपारी खारू समुद्रातून आली ती कुडकुडत. सूट अंगातून सोलून काढला आणि म्हणाली, "आई, डोकं दुखतंय गं." सूट नेहमीसारखा गोड्या पाण्याच्या टबाकडे निघाला होता, पण मावशीने तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "राहू दे. उद्या धुऊ." रात्री ताप चढला. चौथ्या दिवशी हॉस्पिटलमधून माणसं परत आली. खारू आली नाही. समुद्राने काही केलं नव्हतं. ताप मेंदूत गेला होता. पुढे खारूच्या बापाने बोटीवरची नोकरी धरली, वर्षातून दोनदा यायचा. सूट मात्र तसाच राहिला. मावशीने तो धुतला नाही. खारूचा शेवटचा समुद्र होता त्यात.

तिने हँगर खाली उतरवला. सूट हँगरसकट आला, खांदे तसेच ताठ, कोपर थोडे वाकलेले. तिने चेन ओढली. चेनचा रनर गंजून हिरवा पडला होता, जागच्या जागी धरला होता. जरा जोर लावला, तर उजव्या खांद्यावरचं रबर पापडासारखं तडकलं. मग डावं.

दीर जवळ आला.

"सगळ्या गावाला सांगते मी," मावशी म्हणाली. "गोड्या पाण्यातून काढा. हँगरला टांगू नका, खांदे जातात. वापरत राहा, नाहीतर रबर कडक होतं. रोज सांगते."

"वहिनी..."

"एवढा जपला. जपूनच घालवला."

ती स्टुलावर बसली. बोटांनी सूट वरून खाली चाचपत गेली, जसा कोणाचाही सूट आला तर गेली असती. छाती गेलेली. बाही गेलेल्या. कंबरेला भेगा. पायांशी आल्यावर बोटं थांबली. खाली भार नव्हता, ऊन नव्हतं. गुडघे अजून मऊ होते. जाड रबर, वर आकाशी पट्टा. खारूने हा सूट जेमतेम अकरा वेळा घातला होता.

काळा सूट शेजारीच पडला होता, गुडघ्यांची चाळण झालेला.

तिने कात्री घेतली आणि परत ठेवली. मग पदराने कात्रीचं पातं पुसलं आणि गुडघे कापून घेतले. पहिल्याला वेळ लागला.

कापून झाल्यावर तिला आठवलं, हे आधी धुवावे लागतील. खारट रबराला सोल्यूशन धरत नाही; दोन दिवसांत ठिगळ सुटून येतं. हे ती झोपेतही सांगू शकली असती. तरी टबात गोडं पाणी भरून ती काठाशी बराच वेळ बसून राहिली. दिराने एक गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर परतवलं.

शेवटी तिने दोन्ही तुकडे पाण्यात सोडले. हाताने हळूहळू चोळले, लहान मुलाला आंघोळ घालतात तसे, पुढून, मागून, घडीतून. पट्ट्याच्या शिवणीतून बारीक वाळू सुटली आणि तळाशी जाऊन बसली. पाणी किंचित गढूळ झालं. मावशीने एक बोट जिभेला लावलं.

खारट होतं.

तुकडे तिने खिडकीतल्या उन्हात वाळवले, पंख्याखाली धरले. काळा सूट कंबरेला आत घेतला. सोल्यूशनचा एक हात, मग दुसरा, मग ठिगळ दाबून त्यावर इस्त्रीचं वजन. शिवण इतकी बारीक घातली, की दिराने चष्मा लावून पाहिली.

पाचला मायलेकी आल्या. सूट मुलीच्या अंगाला नीट बसला. श्वास घेता येत होता. तिने न विचारता मोठ्याने घेऊन दाखवला.

"गुडघे निराळ्या रंगाचे आहेत."

"दुसऱ्या सुटाचे आहेत."

"त्या भिंतीवरच्या? तो कोणाचा होता?"

"होती एक. तुझ्याएवढी."

"तिला आता बसत नाही का?"

"नाही," मावशी म्हणाली.

मुलीच्या आईने रिकाम्या खुंटीकडे पाहिलं, मग मावशीच्या तोंडाकडे. तिने लेकीला जवळ ओढलं, आणि का ओढलं हे न कळून लेक वैतागली.

"आज पाण्यात घालायचा नाही," मावशीने घडी घालत सांगितलं. "चिकटवलेलं पक्कं होऊ दे. आणि ऐक, समुद्रातून आलीस की त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढायचा. कितीही दमलीस तरी. उद्यावर टाकायचं नाही."

"नाही टाकणार."

"आणि तुला लहान झाला की परत घेऊन ये. माझ्याकडेच."

दोघी गेल्या. रस्त्याच्या वळणापर्यंत मुलीने पिशवी छातीशी धरलेली दिसत होती.

दिराने पुढचे दिवे घालवले, शटर अर्धं ओढलं आणि मागे आला. मावशी पेटीत उरलेले तुकडे रचत होती, हिशेबाने, मोठे खाली, लहान वर. टबाच्या तळाशी चिमूटभर वाळू होती आणि वरचं पाणी आता अगदी नितळ झालं होतं.

"वहिनी, हे पाणी ओतून देऊ?"

तिने पेटीचं झाकण लावलं.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "उद्या ओतू."