कपाटातला फुलार

मित्रांनो, मी एक जुना रेशमी रुमाल आहे. माझ्या जातीचं नाव फुलार. शब्द फ्रेंच, कापडालाही तोच आणि गळ्यात बांधायच्या रुमालालाही तोच. कितीतरी भाषांनी तो उसना घेतला. मला मात्र रेल्वेतल्या लक्ष्मणरावांनी रोख मोजून पॅरिसहून हैदराबादेत नल्लकुंट्याला आणलं, पत्नीसाठी, म्हणजे चतुराबाईंसाठी.

बाईंनी मला एकदाही गळ्यात बांधलं नाही. "इतका भारी, रोज कुठे वापरायचा?" म्हणत कपाटात ठेवलं. लक्ष्मणराव गेल्यावर तर मी देवच झालो. दिवाळीला पाहुण्यांना दाखवायच्या, पण कोणी हात पुढे केला की म्हणायच्या, "दुरूनच बघा." कौतुक उदंड, वारा मात्र नाही. डांबरगोळ्यांत जीव गुदमरायचा. तीस वर्षं अशी गेली.

गेल्या दसऱ्यानंतर बाई मला ऊन दाखवायला मागच्या खोलीत आल्या. वाऱ्यानं दार धाडकन आपटलं आणि बाहेरची कडी पडली. मोबाइल स्वयंपाकघरात, गॅसवर दूध, मुलगा सिकंदराबादला ऑफिसात. बाईंनी दार बडवलं, खिडकीतून हाका मारल्या. तिसऱ्या मजल्यावरची हाक ऑटोंच्या गोंगाटात कोण ऐकणार? करपल्याचा वास येऊ लागला. आता आम्ही दोघंही कोंडलेले होतो. शेवटी बाईंनी मला गजांतून बाहेर काढून जोरजोरात हलवलं.

तळमजल्यावरच्या भाग्यलक्ष्मींनी वर पाहिलं. गोंगाटात हाक ऐकू आली नाही, त्यांना वाटलं बाई कापड वाळत घालताहेत. "मावशी, हवा लई आहे, क्लिप लावा, नाही तर उगीच परेशानी," असं म्हणून त्या आत वळल्या.

बाईंची मूठ घट्ट होती. मला वाटलं, ही जीव देईल पण मला सोडणार नाही. मग मूठ उघडली. मी तरंगत खाली आलो, थेट गटाराकडेच्या चिखलात. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही.

भाग्यलक्ष्मींनी मला उचललं आणि त्यांचा चेहराच उतरला. "हा तर काकांचा रुमाल. मावशी ह्याला सोडणार नाहीत. कायतरी गडबड आहे."

त्या अनवाणीच तीन जिने चढल्या. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत धूर भरला होता. त्यांनी गॅस बंद केला, कडी काढली. बाई घामानं निथळत जमिनीवर बसल्या होत्या. मला घ्यायला त्यांनी हात पुढे केला नाही. भाग्यलक्ष्मींचा हात धरला आणि रडल्या.

चिखलाचा डाग काही गेला नाही. तो मिरवतच मी आता बाईंच्या गळ्यात बसून सुलतान बाजारला जातो.

मित्रांनो, वस्तू वापरा, एवढंच माझं मागणं नाही. त्या दिवशी बाई तासभर हाका मारत होत्या, तेव्हा कोणी आलं नाही. रुमाल पडला तेव्हा आलं. तुमच्या वरच्या मजल्यावर कोणी एकटं असेल, तर काही पडायची वाट पाहू नका. जिना चढून जा.