पाव्हण्यांना ऊन पाणी

नाझनीननं पेन्सिलीच्या टोकानं शिंपल्याला टोचलं. शिंपला टपकन मिटला. दुसरा मिटला, तिसरा मिटला. बाराच्या बारा मिटले, तशी ती अंगणातच मटकन खाली बसली अन् डोळ्यांना ओढणी लावली.

मेलेला शिंपला तोंड वासून पडतो, टोचलं तरी मिटत नाही, एवढं तिच्या आजोबांना, पाशामियाँना, आठ दिवसांत कळलं होतं. पण सगळे जिवंत निघाले म्हणून रडणारी पोरगी अख्ख्या नांदेडात त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

"काय झालं, बेटा?"

"हे मरायला पाहिजे होते, नाना."

तिनं प्रयोग पुन्हा समजावला. एका बादलीत गोदावरीकाठच्या उथळ डबक्यातले शिंपले, उन्हात मुरलेले. दुसरीत डोहातले, थंडाव्यात वाढलेले. गरमी लागली की पेशीतलं एक जनुक जागं होतं अन् मोडकळीला आलेल्या प्रथिनांना सावरणारी नवी प्रथिनं बनवायला लागतं. डबक्यातल्यांचं जनुक जागं असणार, डोहातल्यांचं झोपलेलं. म्हणून अडतीस अंशांच्या पाण्यात डबक्यातले जगायचे, डोहातले मरायचे. पण जगले सगळेच. आता सोमवारी सरांना काय दाखवायचं? प्रकल्प फसला तर लातूरला परत जाऊन अब्बूंच्या कोचिंग क्लासात शिकवायचं, असं कबूल करूनच ती नांदेडला आली होती.

पाशामियाँनी दाढी खाजवली. एकदा पाण्याच्या बंबाकडं पाहिलं, एकदा डोहवाल्या बादलीकडं.

"त्यांचं जनुक मी उठवलं असंल."

"नाना, प्लीज."

"अल्लाकसम! ही बादली सावलीत, त्यात थंडीचे दिवस. बिचारे तोंड मिटून बसलेले. दारी आलेल्या पाव्हण्याला आपण हातपाय धुवायला ऊन पाणी देतो का न्हाई? तू कॉलेजला गेली की रोज बंबातलं दोन-तीन तांबे, हळूहळू..."

"हाव. अन् भूकंपात तुम्ही लातूरची अख्खी गंजगोलाई बाजारपेठ पाठीवर पेलली होती."

चूक तिची नव्हती. लातूर सोडून आलेल्या पाशामियाँना भूकंपाच्या त्या पहाटेनं पंचवीस वर्षं फुकट चहा पाजला होता. हॉटेलात बसले की ते ढिगाऱ्यातून कधी सात माणसं काढत, कधी सतरा. एकदा तर म्हशीसकट. ऐकणारे आवडीनं फसत.

म्हातारा बंबाची राख उकरत राहिला.

"त्या पहाटे मी लातुरात नव्हतोच," शेवटी ते म्हणाले. "इथं होतो, बहिणीकडं. पलंग हालला तं वाटलं मांजर हाय. लाथ झाडली अन् झोपलो. कुणालाच काढलं न्हाई मी."

नाझनीननं ओढणी खाली घेतली.

"हे कुणाला म्हाईत हाय?"

"मांजराला बी न्हाई."

ती हसली नाही. मग नाक पुसलं, फोन उचलला अन् आधी सरांकडून, मग अब्बूंकडून पंधरा दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिनं डोहातले नवे चोवीस शिंपले आणले. निम्मे एका बादलीत, निम्मे दुसरीत, दोन्ही सावलीत.

"या बादलीला तुमचं पाणी. त्या बादलीला बोटसुद्धा लावायचं न्हाई."

"अन् पाव्हणे रुसले तं?"

"रुसू द्या."

पाशामियाँनी बंबातलं पाणी धार धरून सोडलं, कोपर बुडवून पाहिलं, अजून थोडं सोडलं, मान डोलावली. "रोज एवढंच टाकायचो." नाझनीननं तापमापी त्यांच्याच हातात दिली अन् वही उघडली.

"किती?"

चाळीस अगदी जिभेवर आलं होतं. चाळीस ऐकायलाही बरं वाटतं. त्यांनी चष्मा नीट बसवला, बादलीवर वाकून पारा पाहिला.

"तेहतीस."

तिनं लिहिलं.

"थांब," म्हातारा आणखी खाली वाकला. "खोड ते. साडेबत्तीस."