जोडीतला दुसरा तंबोरा

बशीत शिंपल्याचे चोवीस तुकडे होते. प्रत्येक नखाएवढा, द्राक्षाच्या पानासारखा कापलेला. अकरा कोरताना फुटलेले. आठ शाबूत, पण त्यांच्यावरच्या शिरा वाकड्या गेलेल्या. कोरे उरले पाच, आणि तंबोऱ्याच्या गळ्यावर रिकाम्या जागाही पाचच होत्या.

आमच्याकडे मिरजेत तंबोरे जोडीनं जातात. ही जोडी साताऱ्याच्या क्रांतीताईंची. त्या गाणं शिकवतात. पहिला तंबोरा अब्बांनी गेल्या वर्षी पुरा केला. दुसऱ्याची पानं कोरायची वेळ आली तोवर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांच्या गोळीनं थरथर थोडी कमी झाली, थांबली नाही. तारिकनं, माझ्या भावानं, यंत्रावर कापलेली प्लॅस्टिकची पानं मागवून ठेवली होती. ती पुडी उघडली की अब्बा परत कोरायला बसणार नाहीत, हे घरात सगळ्यांना कळत होतं. म्हणून ती महिनाभर फळीवर तशीच पडून होती.

मी सांगलीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. आमच्या सरांनी प्रयोगशाळेतलं एक हत्यार मला आठ दिवसांसाठी दिलं. दिसायला जाड पेनासारखं, मागून वायर, वायरीच्या टोकाला एक डबा. त्याचं टोक सेकंदाला अठ्ठावीस हजार वेळा हलतं, पण इतकं थोडं की डोळ्यांना दिसत नाही. कोरणीला जोर लागतो, आणि जोर लावला की अब्बांचा हात जास्तच थरथरतो. याला जोर लागत नाही. माझा तर्क एवढाच होता.

"ह्ये दातवाल्या डाक्टराकडचं हाय व्हय गं?" अब्बांनी विचारलं.

"त्याच्याच घराण्यातलं हाय."

"मग आदी माझी दाढ बघ."

"अब्बा, जपून," तारिक म्हणाला. "शाळंत असताना हिनं आख्ख्या गल्लीची लाईट घालवली हुती."

"गल्लीची नाही, आपल्याच घरची," मी म्हणाले.

वाकड्या शिरांचं एक पान लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवलं, पाठीची कोरी बाजू वर ठेवली. त्यावर पाण्याचा थेंब सोडला. अब्बांनी टोक टेकवलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं दाबलं. पानाचे दोन तुकडे झाले.

"दाबू नका. नुसतं टेकवा."

दुसऱ्या पानावर त्यांनी इतकं हलकं टेकवलं की ओरखडाही उठला नाही. ते वाकून ठोकळ्याला कान लावू लागले, परत दाबलं, आणि तेही पान फुटलं.

अब्बांनी हत्यार खाली ठेवलं.

"न्हाई जमायचं. कोरणी कर्रकर्र बोलती, तवा कळतं किती आत गेली. ह्ये मुकं हाय." मग भावाकडं न बघता म्हणाले, "तारिक, ती पुडी काड खाली."

तारिकनं पुडी काढली.

अठ्ठावीस हजारांचा आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. पण टोक शिंपल्याला घासतं तेव्हा बारीक सरसर होते. मी ती प्रयोगशाळेत ऐकली होती, आणि अब्बांनी कान लावला होता तो तिच्यासाठीच. म्हणजे हत्यार अगदी मुकं नव्हतं, त्याचा आवाज लहान होता. आणि लहान आवाज मोठा करणं हा तर आमच्या घरचा धंदा.

कोपऱ्यातला तंबोऱ्याचा अर्धा कापलेला भोपळा मी आणला, जमिनीवर उपडा ठेवला आणि ठोकळा त्याच्यावर बसवला. तिसरं पान चिकटवून टोक हलकेच टेकवलं. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज आला. जरा दाबलं, तर तो बारीक होऊन गुदमरला. सोडलं, पुन्हा मोकळा झाला.

अब्बांनी मान वर केली.

"तारिक, पंखा बंद कर."

तारिकनं पुडी काखेत धरली आणि बटण दाबलं.

उरलेल्या वाकड्या पानांपैकी पहिल्या दोन पानांवर अब्बांची शीर गचके खात गेली. पुढच्या पानापासून त्यांनी जोर सोडला आणि आवाज धरला. हात हवेत थरथरत होता. टोक टेकलं की रेषेत त्यातलं फार थोडं उतरत होतं. चहावर साय आली.

मग अब्बांनी स्वतःच बशीतून कोरं पान उचललं आणि चिकटवलं. मधली शीर, दोन्ही बाजूंना तीन-तीन. मध्ये एकदा थांबले, हात पायजम्याला पुसला आणि पुन्हा सुरू झाले. पुरं झाल्यावर पान धुऊन माझ्या तळहातावर ठेवलं.

"बघ तुझ्या यंत्रात. खरं सांग, पोरीसारखं नगं."

मोबाईलला लावायचं सूक्ष्मदर्शक मी सांगलीहून आणलं होतं. आधी पहिल्या तंबोऱ्याच्या गळ्यावरचं पान मोजलं, मग हे. दोन्हीकडे मधल्या शिरेवर दहा-दहा जागी.

जुन्या पानाची शीर सरासरी ०.३१ मिलिमीटर रुंद. नव्या पानाची ०.३३. फरक केसाच्या जाडीहूनही कमी, डोळ्यांना न दिसणारा.